उसनं नाक

मेरिन टलकचं नाक गेलं त्या हिवाळ्यात.
म्हणजे आहे जिथल्या तिथे, चष्मा पेलतं,
पण तापातून उठली तेव्हा
कॉफी नुसती गरम होती
आणि साबण नुसता बुळबुळीत.

म्हणून ती मला बोलावते. मला,
ज्याच्या बापानं चाळीस वर्षं पाठीवर पंप वाहून
याच झुडपाशी वैर धरलं.
सोनं शोधायला आलेल्यांबरोबर आलं म्हणतात हे ब्रायर.
सोनं संपलं, माणसं गेली,
हे राहिलं ओटागोच्या उघड्या डोंगरांवर,
येणाऱ्याजाणाऱ्या मेंढीची लोकर ओरबाडून घेत.
आमच्या घरात त्याला गुलाब म्हणायची सोय नव्हती.

"लॅची, पान चुरगाळ. खालची बाजू. सांग."

खालच्या बाजूला बारीक चिकट दाणे असतात,
बोटांना लागतात,
आणि मग सफरचंद.
पिकलेलं नाही. हिरवं, आत्ताच चावलेलं,
दात आंबवणारं.

तिला हवं ते ऐकायला साधं:
पानाला हा वास,
आणि फूल नोव्हेंबरात एकदा, मार्चमध्ये पुन्हा.
रानातलं ब्रायर पंधरा दिवस फुलतं, मग वर्षभर काटे.
बागेतला गुलाब पुन्हा पुन्हा फुलतो,
पण त्याचं पान चुरगाळा, कागद.
दोघांचं तिनं जमवलं, ब्रशनं,
फुलावर कागदी पिशवी बांधून.
पोरं सगळी एकदाच फुलणारी निघाली.
"पोरांत नाही दिसत ते," ती म्हणाली, "नातवंडांत उतरतं."
नातवंडांची वाट किती वर्षं पाहायची,
हे बहात्तराव्या वर्षी तिनं मोजलं नाही.

बिया फ्रिजमध्ये, ओल्या वाळूत, लोण्याशेजारी.
उगवल्या चारशे अकरा.
पुन्हा फुलण्याचं रक्त ज्यांच्यात, ती घाई करतात,
वीतभर उंची नसताना कळी धरतात,
शाळेत जायच्या आधी मिसरूड फुटावं तशी.
अशी सत्तावीस.
बाकीची दोन-तीन वर्षं नुसती पानं काढत बसतात.

मी ओळीनं वाकत जातो.
"कागद."
"कागद."
"ओलं गवत."
"बापाच्या पंपाचा वास. नाही, थांब, ती माझी बाही."
ती पेन्सिलीनं लिहिते
आणि प्रत्येक कागदाचं लेबल उपटते.

एकदा खोटं बोललो. एकशे बारा नंबर.
"थोडंसं आहे," म्हटलं, "सफरचंद."
तिनं पान उलटं केलं, अंगठा फिरवला.
दाणे नव्हते.
त्या दिवशी चहा बिस्किटाशिवाय आला.

सत्ताविसांतलं एकही राहिलं नाही.

मग तिसऱ्या वर्षी, मार्चच्या शेवटी,
कोपऱ्यातल्या तीनशे चारवर एक फूल.
हे त्या सत्ताविसांतलं नव्हेच. सशानं अर्धं खाल्लेलं,
तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात पहिल्यांदा फुललेलं रोप.
पाच पाकळ्या, डुकराच्या पिलाच्या कानासारखा रंग.
पान चुरगाळलं आणि मी काही बोललोच नाही,
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"एका फुलाला बहर म्हणत नाहीत," ती म्हणाली.
"सशानं कुरतडलं, बावचळलं असेल."
पण पान तिनं तोडलं, जिभेवर ठेवलं,
आणि बराच वेळ तसंच राहू दिलं,
डोळे मिटून,
हरवलेली किल्ली कुठे ठेवली ते आठवावं तशी.

गुरुवारी वरच्या कुंपणाची फवारणी होती.
पंप भरला, पट्टे आवळले,
निम्म्या चढावर पोचलो तर भुरभुर सुरू झाली,
आमच्याकडे वर्षातून मोजून येते तशी,
आणि अख्खा डोंगर, बापाचा,
सफरचंद.

पावसात फवारत नाहीत.
औषध धुऊन जातं.
खाली येऊन बूट काढत होतो
तेवढ्यात फोन वाजला, मेरिन,
"अजून एक कळी आहे की काय बघ,
मला ती काट्यासारखी लागते बोटाला."